थेरपीच्या पहिल्या सेशनआधी

कोथरूड असो की हडपसर, फी किती आणि ऐनवेळी रद्द केल्यास पैसे लागतात का, हे फोनवरच विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारायला लाजू नका. सेशन साधारण ४५ ते ५० मिनिटांचं, बहुधा आठवड्याला एक. पहिलं माहिती घेण्यातच जातं. पुढे चालू ठेवायचं का, ते चार-पाच झाल्यावर ठरवा. ‘नवरा ऐकत नाही’ एवढ्यावर काम होत नाही. मंगळवारी रात्री तुम्ही काय म्हणालात, तो काय म्हणाला, छातीत धडधडलं का, हे लिहून न्या. थेरपिस्टचाच राग आला तर तिथेच बोला. बरेच जण नेमकं तेव्हाच जाणं सोडतात. गोळ्यांसाठी सायकियाट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर. जीव नकोसा झाला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, चोवीस तास, मोफत.