गोड बोलणाऱ्या भामट्याला साध्या वेशातले पोलीस ओळखू कसे येत नाहीत?

तुम्ही विचारलंय की एवढा चलाख माणूस शेजारच्या टेबलावरचा पोलीस ओळखत कसा नाही. नाही ओळखत, कारण त्याचा सगळा जीव समोरच्या पैशात अडकलेला असतो. हे मी स्वतः पाहिलंय. माझ्या मावशीला सरकारी कोट्यातलं घर मिळवून देतो म्हणून एकाने आठ महिने लुबाडलं, आणि शेवटच्या हप्त्याला पोलिसांनी सापळा लावला. पंच वेगळे होते, मी फक्त भाचा म्हणून सोबत.

नोटांचे नंबर आधीच पंचनाम्यात उतरवले होते. एक हवालदार बाई मावशीची जाऊ बनून बसल्या. तो आला, मावशीच्या पाया पडला, "गुडघा कसा आहे?" विचारलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली तेलाची बाटली तिच्यासमोर ठेवली. मावशीचा चेहरा असा उजळला की आता ही सगळं सांगून टाकते, असं वाटून माझे हात गार पडले. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "भाऊ, मलापण एक घर बघा ना." झालं! त्याने खुर्ची वळवली ती त्यांच्याकडेच. नोटा मोजून खिशात घातल्या, बाईंनी चष्मा काढला, आणि शेजारचे दोघं उठले. "मावशी, सांगा ना यांना, मी तुम्हाला मुलासारखा," एवढंच तो म्हणाला. रात्री मावशीने मला विचारलं, त्याला जेवायला दिलं असेल का रे?

पाठलाग वगैरे फार नसतो. तो कुठे येणारच, हे हेरायचं आणि बसून राहायचं. गाजलेला ठग चार्ल्स शोभराज तर खुनीही होता. मार्च १९८६ मध्ये पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तो तिहारमधून पळाला. परदेशात फोन लावायला तो गोव्यात पर्वरीच्या 'ओ कोकेरो' हॉटेलात येईल, या अंदाजावर मुंबईचे पोलीस अधिकारी मधुकर झेंडे साध्या कपड्यांत तिथे ठाण मांडून बसले आणि ६ एप्रिलला त्याला धरला. १९७१ मध्येही त्यांनीच पकडला होता, म्हणून चेहरा ओळखीचा.

हां, हे स्वतः करायला जाऊ नका. खासगी गुप्तहेराला पोलिसांसारखे अटकेचे अधिकार नसतात. ऑनलाइन फसवणूक असेल तर लगेच १९३० ला फोन करा. आमच्या वेळी ४२० कलम लागलं, जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे.

आणि फसलेल्याला हावरट म्हणू नका. माझा मावसभाऊ आजही म्हणतो, "आईला हाव सुटली." अरे, दवाखान्याच्या रांगेत तिच्यासोबत तो भामटा उभा राहायचा, तू नाही. तुझ्या त्या एका वाक्याच्या धाकाने तिने तक्रार दोन महिने लांबवली, आणि त्या दोन महिन्यांत तो आणखी एक हप्ता घेऊन गेला.