उभ्या गाडीची बॅटरी उतरली आणि वॉरंटी नाकारली

प्रश्न : मी उदगीर येथील सेवानिवृत्त मुख्याध्यापक आहे. २०२३ च्या दसऱ्याला छत्रपती संभाजीनगरच्या विक्रेत्याकडून १६ लाख ४० हजार रुपयांना विजेवरची मोटार घेतली. मुख्य बॅटरी ४० युनिट क्षमतेची असून तिची वॉरंटी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही १८ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्याला गेलो. गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ६४ टक्के चार्जिंगवर उभी होती. निघताना पडद्याचा फोटो काढून मुलाला पाठवला होता. २५ मे रोजी परतलो तेव्हा दारही उघडेना. क्रेनने सर्व्हिस सेंटरला नेल्यावर दारे-दिवे चालवणारी १२ व्होल्टची लहान बॅटरी नवी बसवली, तेव्हा पडद्यावर शून्य दिसले आणि मुख्य बॅटरी चार्ज घेईना. १२ जूनच्या ईमेलने ‘दीर्घकाळ दुर्लक्ष’ असे कारण देऊन वॉरंटी नाकारली. खर्चाचा अंदाज ५ लाख ७२ हजार रुपये दिला आहे. जॉबकार्डवर (दुरुस्तीच्या कामाच्या नोंदपत्रावर) सही मागतात आणि गाडी ठेवण्याचे रोज ३०० रुपये लावू म्हणतात. डॅशकॅम (समोरच्या काचेवरचा रस्त्याचे चित्रण करणारा कॅमेरा) शोरूममध्येच बसवला होता. त्याची हाताने लिहिलेली कच्ची पावती आहे. काय करावे?

उत्तर : आदरणीय गुरुजी, सप्रेम नमस्कार.

जॉबकार्डवरील सहीचा मुद्दा आधी घेतो, कारण नुकसान तिथेच होण्याचा संभव आहे. त्या कागदावर ‘ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे’ असा शेरा असेल आणि आपण खाली नुसती सही केली, तर पुढे वर्षभर त्या एका ओळीवरच वाद घालावा लागेल. सही करावीच लागली, तर आपल्या हस्ताक्षरात ‘वरील कारण मला मान्य नाही, माझ्या लेखी संमतीशिवाय बॅटरी उघडू नये व तिच्यातील नोंदी पुसू नयेत’ असे लिहून, तारीख घालून मगच सही करावी आणि त्याच जागी मोबाइलने फोटो काढून घ्यावा.

आता हिशेब पाहू. ४० युनिटांचे ६४ टक्के म्हणजे २५.६ युनिट. आपण ९६ दिवस, म्हणजे २,३०४ तास बाहेर होता. एवढी वीज एवढ्या वेळात संपायची, तर गाडीतून सरासरी ११ वॅट इतका विजेचा ओढा रात्रंदिवस चालू असला पाहिजे. घरातला लहान एलईडी दिवा तीन महिने न विझवता चालू ठेवल्यासारखेच हे झाले. लिथियम सेल स्वतःहून उतरण्याचे प्रमाण महिन्याला मोजक्या टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही. उष्णतेने ते वाढते हे खरे. परंतु मराठवाड्यात गाडी विकणाऱ्याला चैत्र-वैशाखातले ऊन ही अनपेक्षित आपत्ती म्हणता येणार नाही. याचा अर्थ, बंद गाडीतील कोणती तरी यंत्रणा जागी होती. ती मोबाइल ॲपशी संपर्क ठेवणारी असेल, बॅटरीवर लक्ष ठेवणारी असेल किंवा डॅशकॅमही असेल.

येथे कंपनीपुढे दोनच मार्ग उरतात. हा ओढा या मॉडेलमध्ये नेहमीचाच आहे असे तिने म्हटले, तर तीन महिन्यांत गाडी पूर्ण उतरते ही गोष्ट खरेदीच्या वेळी सांगणे तिचे कर्तव्य होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे हेही येते. असा ओढा नेहमीचा नाही असे म्हटले, तर गाडीत दोष होता, आणि मग प्रश्न कलम २(१०) मधील वस्तूच्या ‘दोषा’च्या व्याख्येखाली आणि वॉरंटीखाली येतो.

परंतु ही मांडणी टिकणे न टिकणे मालकाच्या माहितीपुस्तिकेवर अवलंबून आहे. ‘गाडी महिनाभराहून अधिक काळ उभी ठेवायची असल्यास अमुक टक्के चार्ज राखावा, दर इतक्या दिवसांनी तपासावा’ अशा आशयाचे वाक्य तिच्यात आहे का, आणि ते न पाळल्यास वॉरंटी जाते असे वॉरंटीच्या अटींत म्हटले आहे का, हे दोन्ही कागद शब्दशः वाचून पाहा. दोन्ही ठिकाणी स्पष्ट लिहिलेले असेल, तर आपली बाजू बरीच लंगडी होते, हे मी आताच सांगून ठेवतो. केवळ पुस्तिकेत सल्ल्यादाखल लिहिलेले असेल आणि अटींत त्याचा उल्लेख नसेल, तर सल्ला न पाळल्याने वॉरंटी आपोआप रद्द होत नाही असा युक्तिवाद भक्कमपणे करता येतो. पुस्तिका छापील मिळाली की फक्त ॲपवर होती, हेही लिहून ठेवावे.

डॅशकॅमचा उल्लेख आपण ओघात केला आहे, पण समोरच्या वकिलाचा पहिला हल्ला त्याच्यावरच असेल. ‘बाहेरचे उपकरण जोडले’ म्हणजे वॉरंटी संपली, असे सांगितले जाईल. डॅशकॅम १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो; काही गाड्यांत मुख्य बॅटरी या लहान बॅटरीला ठराविक वेळाने आपोआप भरत राहते, त्यामुळे छोटा ओढासुद्धा शेवटी मुख्य बॅटरीच्या जिवावर येतो. आपल्या गाडीत ही सोय आहे का, हे लेखी विचारा. डॅशकॅम काढून टाकू नका आणि तक्रारीत लपवूही नका. तो विक्रेत्यानेच बसवला असेल, तर याच मुद्द्याने विक्रेता स्वतः अडकतो, आणि म्हणून कंपनी व विक्रेता या दोघांनाही विरुद्ध पक्ष करणे आवश्यक आहे. विक्रेत्याच्या प्रत्येक चुकीला उत्पादक आपोआप जबाबदार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये टाटा मोटर्सच्या प्रकरणात म्हटले आहे. एकालाच पक्ष केले, तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होईल.

पुढची पायरी नोटिशीची. स्पीड पोस्टाने व ईमेलने दोघांनाही १५ दिवसांची नोटीस द्यावी आणि तिच्यात १८ फेब्रुवारी ते २५ मे या काळातील बॅटरीच्या नोंदी, प्रत्येक सेलचे सध्याचे व्होल्टेज आणि ॲपवर ‘चार्ज कमी’ असा इशारा पाठवला असल्यास त्याची नोंद मागावी. सेलचे आकडे यासाठी की, पडद्यावरचे शून्य आणि सेल खरोखर निकामी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्होल्टेज मर्यादेखाली गेले की संरक्षक यंत्रणा चार्ज नाकारते. पण सगळे सेल मेले आहेत की काहीच, हे मोजल्याशिवाय पाच लाख बहात्तर हजारांचा आकडा कोठून आला, हे कळणार नाही.

समाधान झाले नाही, तर तक्रार लातूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाखल करता येईल. खरेदी संभाजीनगरला झाली असली तरी तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाला कलम ३४ ने अधिकार दिला आहे. गाडीची किंमत ५० लाखांच्या आत असल्याने प्रकरण जिल्हा आयोगाकडेच जाते आणि १० ते २० लाखांच्या टप्प्यासाठी शुल्क ४०० रुपये आहे. ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. नकाराच्या १२ जून २०२५ पासून मोजली तरी ती २०२७ च्या जूनपर्यंत जाते, पण तोवर थांबण्यात अर्थ नाही, कारण बॅटरी निकामी अवस्थेत पडून राहिली की मूळ कारण शोधणे दिवसेंदिवस अवघड होते. म्हणून तक्रारीसोबतच कलम ३८(८) खाली अंतरिम अर्ज करून बॅटरी आहे त्या स्थितीत ठेवण्याचा आणि रोजचे ३०० रुपये न आकारण्याचा आदेश मागावा. तज्ज्ञ तपासणीची मागणीही कलम ३८ खाली करावी. त्यासाठीचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते. पुण्याची एआरएआय ही केंद्रीय मोटार वाहन नियमांखालील मान्यताप्राप्त चाचणी संस्था आहे, तिचे नाव सुचवता येईल.

मागणी काय करावी, याबद्दल माझे मत थोडे कंजूष आहे. नवी गाडी मागू नये. वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन असेल, तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ सालचा मारुती उद्योगच्या प्रकरणातील निकाल आहे. बॅटरी विनामूल्य दुरुस्त किंवा बदलून मिळावी, क्रेनचा खर्च, तक्रारीचा खर्च आणि माफक भरपाई, इतके पुरे. ‘उत्पादन दायित्व’, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई, हे प्रकरणही त्यात ओढू नये. कलम २(२२) मधील हानीच्या व्याख्येतून खुद्द वस्तूचे झालेले नुकसान वगळलेले आहे. विम्याकडूनही फार आशा नको, कारण नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक व विद्युत बिघाड वगळलेला असतो. बॅटरीसाठी वेगळे संरक्षण घेतले असल्यास तेवढे वाचून पाहावे.

६४ टक्क्यांचा तो फोटो मुलाच्या फोनमध्ये ज्या संदेशातून गेला, तो संदेश दोघांनीही पुसू नये. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र त्याच्यासोबत जोडावे लागेल. क्रेनची पावती थर्मल कागदावर असेल, तर तिची शाई लवकर उडते, तिची झेरॉक्स आजच काढावी. आणि डॅशकॅमची ती कच्ची पावती कच्ची आहे म्हणून फायलीत मागे ढकलू नये. तिच्यावर विक्रेत्याचा शिक्का किंवा सेल्समनचे हस्ताक्षर असेल, तर आपल्या तक्रारीत तो कागद पहिल्या पाचांत लागेल.