दुरुस्तीला कोण येणार?

प्रिय,

(नाव मुद्दाम गाळते आहे. हे पत्र चार जण वाचणार आणि तुझं ऑफिस लहान.)

तुझी अपरात्री पाठवलेली मेल वाचली. आफ्रिकेतल्या मलावीत, मांगोची जिल्ह्यातल्या त्या गावात जुना आफ्रिडेव्ह हातपंप बंद पडलेला आणि हाकेच्या अंतरावर तुमच्या प्रकल्पाची नवी बोअर मारायची जागा आखलेली. जुनाच दुरुस्त का करत नाही, असं तू साहेबांना विचारलंस, तर म्हणे बजेटमध्ये दुरुस्तीचा रकानाच नाही. आता राजीनामा द्यायचा की मुकाट्याने बोअर मारायची, या पेचात तू आहेस. जोडीला तो मोठा प्रश्न आहेच, की आपण बाहेरचे, आपल्याला इथे लुडबुड करायचा अधिकार काय?

मोठा प्रश्न बाजूला ठेव. पहिल्या वर्षी तो सगळ्यांनाच पडतो, आणि त्यावर विचार करत बसलं की त्या दिवशी काम करावं लागत नाही. लहान प्रश्न विचार. दुरुस्तीला कोण येणार? काही वर्षांनी प्रकल्प गुंडाळला, गाडीवरचं स्टिकर खरवडून काढलं आणि मग एके सकाळी दांडा हलवून पाणी आलं नाही, तर कोण येणार? कशावर बसून येणार, कुठला सुटा भाग घेऊन येणार, आणि त्याचे पैसे कोणाच्या खिशातून जाणार? याचं उत्तर नावानिशी मिळत नाही तोवर काही उभं करू नये. गेली कित्येक वर्षं माझं एवढंच म्हणणं आहे. लोकांना त्याचा कंटाळा येतो, मला येत नाही.

त्या जुन्या पंपाकडे भंगार म्हणून बघू नकोस. 1980च्या दशकात मलावीतल्या लिवुलेझी आणि केनियातल्या क्वाले इथल्या कामांतून तो घडला. गावातल्या माणसाला तो उघडता आला पाहिजे, ही अट घडवणाऱ्यांनी पहिल्यापासून धरली होती. त्याआधीचा आपला इंडिया मार्क टू. त्याची नाळ जालना-सोलापूरशी आहे. दुष्काळी भागात बिडाचे पंप पटापट मोडायला लागले, तेव्हा जालन्यात मिशनच्या लोकांनी पोलादी पंप जुळवला, सोलापुरात तो सुधारला, आणि त्यावरूनच 1970च्या दशकात युनिसेफच्या पाठबळाने मार्क टू तयार झाला. पुढे आफ्रिकाभर गेला. मला त्याचा अभिमान आहे, तरी सांगते, खोल बोअरमधला मार्क टू उपसायचा तर लोखंडी पाइप ओढायला तगडी माणसं लागतात, खास हत्यारं लागतात आणि ती आणायला गाडी लागते. आफ्रिडेव्ह उघडायला एक पाना पुरतो.

बालाका जिल्ह्यात मी हे डोळ्यांनी बघितलं आहे. गावच्या पाणी समितीतल्या दोन बायकांनी ओट्यावर चितेंजे, म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, अंथरलं. एकीने पान्याने पंपाचं डोकं उघडून दांडा बाजूला केला. मग आकड्यातून आकडा सोडवत एकेक रॉड वर येऊ लागला आणि दुसरी तो मातीला न टेकवता कापडावर ओळीने मांडू लागली. शेवटी प्लंजर, म्हणजे पाणी वर ओढणारा दट्ट्या, आला. त्यावरचं रबरी यू-सील एका अंगाने झिजून पार पातळ पडलेलं. तिने ते अंगठ्याने दाबून बघितलं, कमरेच्या गाठीत बांधून ठेवलेलं नवं काढलं आणि चढवलं. मागे बादल्यांची रांग, पोरांचा गलका. जेवणाच्या आत पाणी सुरू. त्या दिवशी माझं काम काय होतं? बाजूला उभं राहणं.

तुझ्या गावचा पंप कदाचित एवढ्याशावरच अडला असेल. कदाचित नसेलही. बोअर आटली असेल, गाळाने भरली असेल, पाणी इतकं खारट झालं असेल की बायकांनीच तो सोडून दिला असेल. पण आधी उघड तर! न उघडता शेजारी नवी मारायची हा कुठला न्याय? आधी लगीन कोंढाण्याचं.

तुझे साहेब वाईट आहेत म्हणून तो रकाना नाही, असं समजू नकोस. हिशेबच तसा लावलेला असतो. मलावीत एका पंपामागे 250 माणसं धरतात. नवे पंप गुणिले 250, की झाले लाभार्थी. जुना पंप दुरुस्त केला तर ती 250 माणसं कुठल्या तरी आधीच्या देणगीदाराच्या अहवालात मोजून झालेली असतात. त्यांना पुन्हा पाणी मिळालं, हे कोणाच्याच खात्यात जमा होत नाही. 2009 मध्ये सहाराच्या दक्षिणेकडच्या वीसेक देशांची आकडेवारी एकत्र केली, तर सुमारे 36 टक्के हातपंप बंद निघाले. म्हणजे तीनातला एक. त्या प्रत्येकाचं कधीतरी उद्घाटन झालं होतं आणि फीत कोणी कापली ते तिथल्या पाटीवर लिहिलेलं असतं. दुरुस्तीला कोण येणार ते लिहिलेलं नसतं.

तू प्लेपंपबद्दल वाचलं असशील. शाळेच्या आवारात पोरांचं फिरतं चाक, पोरं खेळतील आणि टाकीत पाणी चढेल. 2006 मध्ये अमेरिकेत त्यासाठी 1 कोटी 64 लाख डॉलरची घोषणा झाली आणि 2010 पर्यंत 4,000 पंप बसवायचं ठरलं. साध्या हातपंपाच्या कितीतरी पट महाग वस्तू. पोरं थकायची, शाळेला सुट्टी लागायची, मग पोक्त बायका ते चाक वाकून ढकलायच्या. लोक या भागावर हसतात. मला हसू येत नाही, कारण माझ्या मते खरी गोम त्या टाकीवरच्या जाहिरातींच्या फलकांत होती. जाहिरातीच्या पैशातून देखभाल होईल, असं योजनेत लिहिलं होतं! रानातल्या वस्तीवर जाहिरात कोण लावणार? फलक कोरे राहिले. चाक मोडलं की फोन करायचा आणि वाट बघायची. मूळ कागदावर कोणी माझा प्रश्न विचारला असता तर ते तिथेच थांबलं असतं.

आता म्हणशील, लोकसहभाग घेतला की झालं. नाही रे, तेवढ्याने नाही होत. मुलांजेच्या डोंगराखाली चांबे इथे 1968 मध्ये उतारावरून पाणी आणायची योजना झाली. गावकऱ्यांनी मैलोन् मैल चर स्वतः खणले. आपल्याकडचं श्रमदान आठवेल तुला. उत्तम योजना, मलावीभर तिचं अनुकरण झालं, जगभर वाखाणणी झाली. पण चर खणलेली पिढी म्हातारी झाली, पाइपही म्हातारे झाले, लोकसंख्या वाढली, डोंगरावरची झाडं गेली आणि पुढे अशा योजनांचे कितीतरी नळ कोरडे पडले. घाम गाळला म्हणजे पाइप बदलायचे पैसे आपोआप तयार होत नाहीत.

पैशाचं बघ. समितीने दरमहा घरटी वर्गणी गोळा करायची आणि डब्यात ठेवायची, हे प्रशिक्षणात सगळे शिकवतात. नोव्हेंबर 2023 मध्ये क्वाचाचं, म्हणजे मलावीच्या चलनाचं, अवमूल्यन झालं. डॉलरमागे 1,180च्या आसपास होता तो एका झटक्यात 1,700 वर गेला. सुटे भाग बाहेरून येतात. इमानदारीने जमवलेले पैसे डब्यातल्या डब्यात आटले, यात त्या खजिनदार बाईचा काय दोष? म्हणून डबा नको. गावात बँकी म्खोंडे असते, आपल्या बचत गटासारखीच. पंपाचे पैसे तिथे व्याजाने फिरू देत. काही समित्या तसं करतात. आणि सील-बॉबिनसारखे वर्षाला लागणारे सुटे भाग सुगीनंतर, मका विकून हातात पैसा असतो तेव्हाच घेऊन ठेवायचे. जानेवारी-फेब्रुवारीत वर्गणी मागायला जाऊ नकोस. तेव्हा घरात पीठ नसतं.

बैठकीला आलेले लोक भत्ता मागतात, याचा तुला राग आलाय. अरे, तू राजधानीतून, लिलाँग्वेहून, एसी गाडीतून गेलास, तुला त्या दिवसाचा भत्ता मिळाला, ड्रायव्हरला मिळाला, जिल्हा कार्यालयातल्या माणसाला मिळाला. शेत सोडून आलेल्या बाईने मागितला की ती लोभी? तिला वहीत सही करून काय मिळणार ते आधी सांग. भत्ता देऊ नकोस, माझा त्याला विरोधच आहे, पण नैतिक राग तरी आणू नकोस. आणि बैठकीच्या दिवशी गावात मयत झाली तर बैठक होणार नाही. चिडू नकोस, मयतीला जा.

आता तुझ्या मेलमधलं ते वाक्य. ‘ताई, तुमच्यासारखं ताठ राहिलं तर गावाला पाणीच मिळणार नाही.’ लागलं मला ते. मार्च 2022 पासूनच्या कॉलऱ्याच्या साथीत मलावीत 1,700 हून जास्त माणसं गेली, हे तू मला आकड्यासकट ऐकवलंस. मला माहीत नाही का? साथीत, किंवा 2023 च्या फ्रेडी वादळासारख्या वेळी मी हा प्रश्न विचारत नाही. तेव्हा क्लोरीन, टाक्या, बोअर, जे मिळेल ते आणि लगेच. पण तुझा प्रकल्प साथीचा नाही. पाच वर्षांचा आराखडा, रंगीत तक्ते, सल्लागार, सगळं आहे. त्यात एका पान्याची सोय लावायला वेळ नाही?

एका ठिकाणी मी काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही केली नव्हती. बाजारपेठेच्या गावात सुट्या भागांचं दुकान नाही, त्या परिसरातले पंप बघणारा मेकॅनिक नेमलेला नाही, आणि उद्घाटनाची तारीख ठरलेली, टी-शर्ट छापून आलेले. दुसऱ्या कोणी तरी सही केली, कार्यक्रम झाला, माझा करार पुढे वाढवला नाही. संस्थेचं नाव घेत नाही, उपयोग नाही. दुसरीकडे, एका गावाने वर्गणीच ठरवली नाही म्हणून मी त्यांचा नंबर मागे टाकला. मुखिया बोलेनासा झाला. बायका आणखी एक उन्हाळा नदीवर गेल्या. नंतर भलत्याच एका संस्थेने तिथे काही न विचारता फुकट पंप लावून दिला, आणि मी त्या रस्त्याने जाताना लोक तो मला हौसेने दाखवायचे! लोक म्हणतात, हेकटपणा केलास. म्हणोत. सगळे फुकट देत असतील तर न देणारा एकटाच खलनायक ठरतो, हे मला तेव्हाही दिसत होतं. मी नंबर मागे टाकला, पाणी हिरावलं नाही. हे मी स्वतःला बरेचदा सांगते, हे खरं. पण पुन्हा वेळ आली तरी तेच करीन.

खंत आहे ती वेगळीच. भाषा मी नीट शिकले नाही. ‘मुली ब्वांजी’ (कसे आहात) आणि ‘झिकोमो’ (आभार) याच्या पुढे माझी गाडी गेली नाही. बाई पाच मिनिटं हातवारे करून बोलायची आणि दुभाषा सांगायचा, ‘ती खूश आहे.’ तू मांगोचीत आहेस, तिथे चियाओ बोलतात. चिचेवा भाषा ऑफिसात कानावर पडून येईल, चियाओ गावात शीक. तुझ्या अधिकाराच्या त्या मोठ्या प्रश्नाचं काही उत्तर असेलच तर ते त्या बाईच्या तोंडून येईल, माझ्या पत्रातून नाही.

आता कामाचं. राजीनामा देऊ नकोस. तुझ्या जागी येणारा हा प्रश्नही विचारणार नाही. साहेबांशी तत्त्वावर भांडू नकोस, कागद घेऊन जा. तुमच्या पट्ट्यातले सगळे बंद पंप त्या परिसराच्या मेकॅनिकला बरोबर घेऊन उघड आणि प्रत्येकाला काय लागेल त्याची यादी कर. मग नव्या बोअरच्या खर्चाशेजारी तो खर्च मांड. सध्याच्या दिवसांत असा कागद साहेबांनाही हवासा वाटेल. 2025च्या जानेवारीत अमेरिकेने मदत थांबवली, जुलैपर्यंत त्यांची मदतसंस्था यूएसएड बंदच झाली, तेव्हापासून सगळेच पै-पै मोजतायत. आणि जिथे नवी मारावीच लागेल तिथे पावसाळ्यात मारू देऊ नकोस. फेब्रुवारीत कुठेही पाणी लागतं, कंत्राटदार बिल घेऊन मोकळा होतो आणि ऑक्टोबरात पंप हवा ओढतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाणी सगळ्यात खाली असताना मारायला लाव. तो कुरकुर करेल, करू दे.

दुकानाचं मात्र अजून तू काहीच लिहिलं नाहीस. तुमच्या जवळच्या बाजारात यू-सील मिळतं का, केवढ्याला, आणि दुकानदार ते ठेवायला तयार का नाही, हे त्याच्या टपरीवर बसून विचार आणि मला कळव.

तुझी,
ताई