पेपरची मुदत नंतर, आधी तो फ्लेक्स उतरवा

प्रश्न : मुलगा बारावी सायन्स. पायलटचे डीजीसीएचे (सरकारी विमान वाहतूक नियामकाचे) दोन पेपर निघालेत, नेव्हिगेशन दोनदा राहिलं. बाकीचे दिवाळीपर्यंत काढलेच पाहिजेत असं बजावलंय, मोबाईलही काढून घेतलाय. फ्लाइंगचे पैसे दोन-तीन वर्षांनी मोहोळची जमीन विकून उभे करणार. तोवर हे निकाल टिकतील का? मेडिकल नंतर बघू, पोरगा ठणठणीत आहे. पाहुण्यांना सगळ्यांना सांगून बसलोय.
– एक पालक, सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रासोबतचा फोटो पाहिला. मुलाच्या वाढदिवसाला चौकात लावलेला फ्लेक्स, त्यावर मुलाचा गॉगल लावलेला चेहरा आणि खाली ‘भावी कॅप्टन’. २०२५च्या जूनमध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं, ते दाखवायला त्याला नेलं आणि तिथंच ठरलं, असं तुम्ही लिहिता. ठरलं, पण कुणाचं? दोन पानी पत्रात मुलाचं एकही वाक्य नाही. नेव्हिगेशनला दोनदा नापास झालेला पोरगा रोज क्लासला जाताना त्या फ्लेक्सखालून जातो, हे तुमच्या लक्षात आलंय का? डीजीसीएला पासिंग ७० टक्क्यांचं आहे. शाळेत ६५ मिळाले तर पेढे वाटतात, इथं ६५ म्हणजे नापास. अशा परीक्षेत दोनदा अडकणं ही काही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही. त्याला लाज वाटायला लावलीय ती तुम्ही, पाहुण्यांच्या नावानं.

आता निकालांचं. तुम्ही त्यांना बारावीच्या मार्कलिस्टसारखं समजताय, लॅमिनेट करून ठेवलं की जन्मभर चालेल असं. हे निकाल व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी अर्ज करण्यापुरते असतात. अर्जाच्या दिवशी ते जिवंत असावे लागतात. परवाना हातात पडला की त्यांचं काम संपलं. अमेरिकेत असा लेखी निकाल २४ महिने चालतो, युरोपात व्यावसायिक परवान्यासाठी ३६ महिने. आपल्याकडेही मुदत आहेच. ती डीजीसीएच्या चालू नियमात वाचा, क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको. आणि मोजायची ती अर्जाच्या दिवसापासून मागं. जमीन विकायला तीन वर्षं, मग पाऊस, विमानाची रांग, इन्स्ट्रक्टरच्या सुट्ट्या धरून फ्लाइंग. म्हणजे आज घाईनं काढलेला पेपर त्या दिवशी सगळ्यांत जुना ठरणार.

शिवाय घड्याळ एकट्या पेपरांचं नाही. उड्डाणाचे २०० तास लागतात, तेही अर्जाआधीच्या ५ वर्षांतले. स्वतः सूत्रं सांभाळून केलेल्या तासांपैकी किमान १५ शेवटच्या ६ महिन्यांतले हवेत. क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटला लागणारी वैद्यकीय तपासणी, वर्षभराची. म्हणजे हे सगळं एकाच वेळी जुळवावं लागतं, आणि पैसे मध्येच संपले तर आधीचे तासही शिळे व्हायला लागतात.

पण मला खरी काळजी वाटली ती ‘मेडिकल नंतर बघू’ या तीन शब्दांची. अहो, उलट आहे! आधी क्लास टू मेडिकल, म्हणजे सुरुवातीची तपासणी, मग क्लास वन, मग पेपर आणि पैसा. चष्मा असला तर फारसं अडत नाही. पण लाल-हिरवा नीट ओळखता येत नसेल, तर कळणार कधी? सगळे पेपर निघाल्यावर? की जमिनीचं खरेदीखत झाल्यावर? ठणठणीत दिसणाऱ्या मुलालाही रंगांधळेपण असू शकतं, आणि ते बहुतेकदा त्याला स्वतःलाही माहीत नसतं.

तेव्हा नेव्हिगेशनचा पुढचा प्रयत्न सध्या राहू द्या. या महिन्यात क्लास टू करून घ्या, मोबाईल परत द्या, आणि सोलापुरातच बीएस्सीला प्रवेश घेऊ द्या. पेपर पदवीबरोबर होतात. मोहोळच्या जमिनीचा विषय मात्र क्लास वन हातात येईपर्यंत घरात काढू नका. कर्ज, शिष्यवृत्ती, विमान कंपन्यांचे कॅडेट प्रोग्रॅम, म्हणजे त्यांचे पायलट घडवणारे कोर्स, हे सगळं त्यानंतरचं.

पुढचं पत्र तुम्ही लिहू नका. मुलानं लिहावं, त्याच्या अक्षरात, तुम्ही न वाचता पाकिटात घातलेलं. त्याला विमान चालवायचं नसेल तर तेही चालेल, मला वेगळं उत्तर लिहायला आवडेल.