मोटारसायकलचे सगळे वायरिंग नव्याने करायचे असल्यास सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिले आहे की एका जुन्या, एका सिलिंडरच्या मोटारसायकलचे मूळ हार्नेस, म्हणजे वायरींची सगळी जुडी, तुम्ही काढून टाकले आहे. इंजिन, स्टेटर (इंजिनातली वीज तयार करणारी वेटोळी) आणि सेल्फची मोटर तेवढी जुनी ठेवणार आहात. हेडलाईट हॅलोजनचा आणि बाकीचे दिवे एलईडीचे असतील, बॅटरी सीटखाली मावेल अशी लहान लिथियमची असेल, आणि आता पहिली वायर कुठे जोडावी व कोणती वायर किती जाड घ्यावी, हा तुमचा प्रश्न आहे. मी आजवर सात-आठ गाड्यांचे वायरिंग मुळापासून केले आहे आणि त्यांतल्या पहिल्या गाडीचे दोनदा केले आहे. ते दुसऱ्यांदा का करावे लागले हे आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे.

त्या गाडीच्या फ्रेमला नुकतेच पावडर कोटिंग केले होते. बॅटरीच्या मायनसची केबल मी फ्रेमच्या एका बोल्टला बांधली आणि इंजिन फ्रेमलाच बसवलेले असल्याने त्याला वेगळी केबल कशाला हवी, असा विचार करून काम आटोपले. प्रत्यक्षात इंजिन फ्रेमच्या ज्या कानांवर, म्हणजे बोल्टच्या पट्ट्यांवर, टेकले होते त्यांवरही रंगाचा जाड थर होता. चार-सहा दिवस सेल्फ नीट चालला, मग जड फिरू लागला आणि एके सकाळी क्लच दाबताना केबल घासल्यासारखी वाटली. हात लावला तर लिव्हरपासून चार बोटांवर केबलचे आवरण इतके मऊ झाले होते की अंगठ्याचा ठसा उमटला. सेल्फच्या मोटरने ओढलेल्या प्रचंड करंटला इंजिनातून बॅटरीकडे परतायला नीट वाट नव्हती, म्हणून तो क्लचच्या केबलमधून हँडलवर, तिथून स्टीअरिंगच्या बेअरिंगमधून फ्रेममध्ये आणि मग मायनसकडे जात होता. दिव्याकडे जाणारी वायर सगळेच काळजीपूर्वक ओढतात. दिव्याकडून परत येणाऱ्या वायरचा मात्र बहुतेकांना विसर पडतो.

म्हणून पहिली वायर कागदावर काढा, आणि प्रत्येक उपकरणाच्या दोन्ही वायरी काढा. बॅटरीच्या मायनसपासून सेल्फच्या केबलइतकीच जाड केबल, म्हणजे साधारण १६ चौरस मिलिमीटरची, थेट इंजिनाच्या केसिंगवर रंग खरवडलेल्या उघड्या धातूवर घट्ट बसवा. फ्रेमसाठी वेगळी वायर घ्या. हेडलाईट, इंडिकेटर आणि मीटर यांची परतीची वायर हार्नेसमधूनच मागे आणा. स्टीअरिंगचे बेअरिंग म्हणजे ग्रीसमध्ये बुडालेले छर्रे असतात. त्यांच्या भरवशावर हेडलाईट ठेवला तर हँडल वळवताना तो फडफडतो आणि दोष मात्र बल्बच्या होल्डरमध्ये शोधला जातो.

त्याच कागदावर प्रत्येक उपकरणासमोर त्याचे वॅट भागिले १२ असा हिशेब लिहा. ६० वॅटच्या हेडलाईटला ५ अँपिअर लागतात, ब्रेकच्या २१ वॅटच्या जुन्या बल्बला पावणेदोन लागत असत, तर त्याच जागी एलईडी सहसा पाव अँपिअरच्या आसपास भागवतो. ही बेरीज हातात आली की वायरीची जाडी अंदाजाने ठरवावी लागत नाही. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे सुमारे १७.५ मिलिओहम असतो. समजा हेडलाईटला जाण्या-येण्याची मिळून साडेतीन मीटर वायर लागली आणि ती तुम्ही अर्ध्या चौरस मिलिमीटरची घेतली, तर ५ अँपिअरला सुमारे ०.६ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. आकडा क्षुल्लक वाटतो, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलत असल्याने तेवढ्यानेच सुमारे १५ टक्के उजेड कमी होतो. तिथे दीड चौरस मिलिमीटरची वायर घ्या. स्विच, इंडिकेटर आणि मीटरला ०.५ ते ०.७५ पुरते, त्याहून बारीक वायर करंट वाहू शकली तरी मी वापरत नाही, कारण ती कंपनाने तुटते. बॅटरीपासून फ्यूज बॉक्सपर्यंत आणि रेग्युलेटरपासून (चार्जिंगचे व्होल्टेज आवरणाऱ्या भागापासून) बॅटरीपर्यंत २.५ ते ४ चौरस मिलिमीटर ठेवा. वायर वाहनांसाठी बनवलेली, बारीक तारांची आणि उष्णता सोसणाऱ्या आवरणाची असावी. घरातल्या भिंतीत घालतात ती एकतारी वायर गाडीवर टिकत नाही.

फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरीसाठी असतो, हे लक्षात ठेवले तर त्याची जागा आपोआप ठरते: बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच मुख्य फ्यूज, तुमच्या गाडीला २० अँपिअरचा, आणि त्यापुढे हेडलाईटला १० चा. सेल्फची जाड केबल तेवढी फ्यूजशिवाय जाते, म्हणून तिचे आवरण कुठेही घासणार वा काचणार नाही हे पाहणे अधिक महत्त्वाचे. इग्निशनला मी नेहमी स्वतंत्र फ्यूज देतो. हॉर्नची वायर शॉर्ट झाल्यामुळे रात्री भर रस्त्यात इंजिन बंद पडावे, असे काही कारण नाही.

आता चार्जिंग. एकूण कामात सर्वाधिक डोके इथे लावावे लागते. लहान इंजिनाच्या अनेक जुन्या गाड्यांमध्ये हेडलाईट बॅटरीवर नसून थेट स्टेटरच्या एसी करंटवर चालत असे, आणि त्यासाठी स्टेटरच्या वेटोळ्याचे एक टोक इंजिनाच्या धातूलाच जोडलेले असे. अशा गाडीवर आयडलिंगला हेडलाईट मंदावतो. तुमची गाडी यांपैकी आहे का, हे मल्टिमीटरने लगेच कळते: स्टेटरची वायर बाकी सगळ्यापासून सोडवा आणि तिच्यापासून इंजिनाच्या केसिंगपर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे करंटला अखंड वाट आहे का, ते पाहा. ती मिळाली तर टोक बॉडीला जोडलेले आहे, आणि अशा स्टेटरवर नवा फुल-वेव्ह रेग्युलेटर-रेक्टिफायर (एसीच्या दोन्ही अर्ध्या लहरींचे डीसी करणारा) लावून चालत नाही. त्यासाठी कव्हर उघडून ते टोक गाभ्यापासून सोडवावे लागते, त्याला डाग (सोल्डर) देऊन दुसरी वायर बाहेर आणावी लागते आणि मग दोन्ही वायरी बॉडीपासून अलग आहेत ना, हे पुन्हा तपासावे लागते. इग्निशनचे वेटोळे त्याच प्लेटवर वेगळे असू शकते. त्याला हात लावू नका.

लिथियम बॅटरी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची, घेणार असाल तर जुना रेग्युलेटर तसाच वापरू नका. इंजिन चार-पाच हजार आरपीएमवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर मोजलेले व्होल्टेज १४ ते १४.४ च्या दरम्यान स्थिर राहिले पाहिजे; ते १५ च्या दिशेने चढत असेल तर ती बॅटरी फार काळ साथ देणार नाही. एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. शंट पद्धतीचा रेग्युलेटर जास्तीचा करंट स्वतःमधून वळवून त्याची उष्णता करतो, त्यामुळे एलईडी लावून तुम्ही वाचवलेली वीज त्याला थंड करत नाही, अधिक तापवते. सुबक दिसावा म्हणून तो सीटखाली बंद जागेत लपवू नका, वारा लागेल तिथे बसवा.

किल स्विच जोडण्याआधी इग्निशनचा प्रकार ओळखा, कारण एसी सीडीआयमध्ये (स्टेटरच्या वेटोळ्यावर चालणाऱ्या इग्निशनमध्ये) तो स्विच वायर बॉडीला टेकवून इंजिन बंद करतो आणि बॅटरीवर चालणाऱ्या डीसी इग्निशनमध्ये पुरवठा तोडून. अदलाबदल झाली तर एकात इंजिन बंद होत नाही आणि दुसऱ्यात फ्यूज उडतो.

एलईडी इंडिकेटरबाबत दोन गोष्टी हमखास घडतात. जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बल्बच्या करंटवर चालत असल्याने एलईडीवर तो भलत्याच वेगाने लुकलुकतो किंवा स्थिर राहतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घेतला की प्रश्न मिटतो. दुसरी गोष्ट अधिक चक्रावणारी आहे. मीटरवर इंडिकेटरचा एकच दिवा असेल तर तो डाव्या आणि उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला असतो आणि विरुद्ध बाजूच्या बल्बमधून त्याचा करंट परततो. बल्बना तेवढ्याने काही होत नव्हते, एलईडी मात्र तेवढ्यानेही पेटतात आणि चारही इंडिकेटर एकदम लुकलुकू लागतात. दोन्ही बाजूंच्या वायरींवरून एकेक डायोड मीटरच्या दिव्याकडे आणा आणि त्या दिव्याचे दुसरे टोक थेट मायनसला जोडा.

जोडांबाबत माझे मत ठाम आहे. हार्नेसमध्ये डाग न देता योग्य पक्कडीने क्रिंप करावे, म्हणजे धातूचे टोक तारांवर दाबून बसवावे. डाग देताना कथील तारांमध्ये वर चढते आणि ते जिथे संपते त्या कडक रेषेवर वायर कंपनाने तुटते. थिंबलची, म्हणजे त्या टोकाची, एक पकड उघड्या तारांवर आणि दुसरी आवरणावर बसली पाहिजे, आणि जोड ओढून पाहिल्यावर हलता कामा नये. हार्नेस टेपने गुंडाळण्यापूर्वी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायरींना ताण पडतो का, ते पाहा. स्टीअरिंगपाशी सैल वळसा ठेवावाच लागतो.

सगळे जोडून झाल्यावर मुख्य फ्यूज लगेच लावू नका. त्याच्या जागी दोन वायरींनी २१ वॅटचा एक साधा बल्ब जोडा, हेडलाईटचा बल्ब काढून ठेवा आणि मग चावी फिरवा. कुठे शॉर्ट असेल तर हा बल्ब लख्ख पेटेल, पण त्याच्यामुळे करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही आणि काहीही जळणार नाही. हॉर्न सोडून एकेक स्विच चालू करत जा. एलईडी पेटतील आणि हा बल्ब अंधुकच राहील. तो ज्या स्विचला एकदम उजळेल, दोष त्या स्विचच्या शाखेत आहे. या अवस्थेत सेल्फचे बटण दाबू नका.

त्यानंतर फ्यूज लावा, इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था करा, मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनाच्या केसिंगवर धरा आणि मदतनिसाला सेल्फ दाबायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली राहायला हवा. माझ्या पहिल्या गाडीवर, जुने वायरिंग उतरवण्याआधी, तो ३ च्या पुढे गेला होता.