आरव्हीत राहायला जा, पण घर आत्ता विकू नका

तुमचा मेल नीट वाचला. तुम्ही ६१, वहिनी ५९, न्यू जर्सीतलं घर अंदाजे ६,८०,००० डॉलरचं, त्यावर ९०,००० लोन बाकी, ४०१के मध्ये (नोकरीतल्या रिटायरमेंट खात्यात) साडेसात लाख, आणि पुढच्या वर्षी रिटायर होऊन घर विकायचं, ३,००,००० ची नवीकोरी डिझेल मोटरहोम (आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) घ्यायची आणि कायमचं त्यातच राहत अमेरिका फिरायची. वहिनी म्हणतायत घर राहू दे. मला वहिनींचं पटतंय. फिरायला जरूर जा, अंगात ताकद आहे तोवरच जा, पण घर आत्ता विकू नका.

कारण टॅक्सचा नियमच तुम्हाला वेळ देतोय. राहतं घर विकलं की नवरा-बायकोला मिळून ५,००,००० डॉलरपर्यंतचा नफा फेडरल टॅक्समधून माफ असतो, अट एवढीच की विकायच्या आधीच्या ५ वर्षांत किमान २ वर्षं तुम्ही तिथे राहिलेले असावेत. म्हणजे घर भाड्याने देऊन निघालात तरी जवळपास ३ वर्षं ही सवलत जात नाही. भाड्याच्या काळातल्या घसाऱ्यावर टॅक्स लागेल आणि पत्ता बदलला तरी न्यू जर्सीचा रिटर्न भरावा लागेल, पण त्या बदल्यात परतीची वाट उघडी राहते. शिवाय भाडं हातात आलं तर सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) ६२ लाच सुरू करायची गरज उरत नाही. तुमच्या वयाला पूर्ण पेन्शन ६७ ला आहे, ६२ ला घेतली तर ३० टक्के कमी, ७० पर्यंत थांबलात तर २४ टक्के जास्त, आणि तुमचा आकडा वहिनींपेक्षा मोठा असेल तर तुमच्या माघारी त्यांना तोच मिळतो, म्हणून हा निर्णय त्यांचाही आहे.

आता गाडी. तिची किंमत पहिल्या दिवसापासून उतरतेच. नवी घेऊच नका, ४-५ वर्षं जुनी बघा (फार जुनीही नको, गाडी लावून राहायचे काही आरव्ही पार्क १० वर्षांवरच्या गाड्या घेत नाहीत). घेण्याआधी स्वतंत्र इन्स्पेक्टरकडून छत तपासून घ्या, सील कुठे फाटलंय का, आत भिंतीचा कोपरा दाबला तर मऊ लागतो का, आणि टायरवर छापलेलं साल वाचा, नक्षी छान दिसत असली तरी ७ वर्षांचा टायर बदलायलाच लागतो. डीलर सांगेल की लोनच्या व्याजावर घरासारखी टॅक्स सूट मिळते, ते खरंय, पण स्टँडर्ड डिडक्शन (खर्च न दाखवता मिळणारी ठरावीक वजावट) घेणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नाही. आणि बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी कायम राहणाऱ्यांना लागू नसते, इन्शुरन्सही फुल-टाइमर पॉलिसीचा वेगळा लागतो, हे दोन्ही लेखी विचारा. डिझेलचं फार टेन्शन नको, गॅलनला ८ मैल आणि वर्षाला ८,००० मैल धरले तर १,००० गॅलन, ४ डॉलरने ४,००० झाले.

मला खरी काळजी मेडिकलची आहे. मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) ६५ ला सुरू होतं, म्हणजे तुम्हाला ३ वर्षं आणि वहिनींना ५ वर्षं मार्केटप्लेसचा (स्वतः विमा घ्यायच्या सरकारी बाजाराचा) प्लॅन लागणार, आणि त्यातल्या बऱ्याच प्लॅनचं नेटवर्क आपल्या स्टेटपुरतंच, बाहेर फक्त इमर्जन्सी. बरेच आरव्हीवाले साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडाचा पत्ता घेतात कारण तिथे स्टेट इन्कम टॅक्स नाही, पण तुम्ही आधी तिथला मेडिकल प्लॅन बघा, वहिनींचं बीपी-शुगर ॲरिझोनात असताना कोण बघणार ते ठरवा आणि मगच पत्ता निवडा. प्रीमियमची सबसिडी उत्पन्नावर ठरते, त्यामुळे गाडीसाठी ४०१के मधून एकरकमी पैसे काढलेत तर त्या वर्षी टॅक्सही वाढेल आणि सबसिडीही जाईल. ६५ झाल्यावर ओरिजिनल मेडिकेअर (सरकार थेट चालवतं ते) आणि मेडिगॅप (त्यात न भरला जाणारा खर्च उचलणारा खाजगी विमा) घ्या, ते देशभर चालतं. पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सुरू झाल्यापासून ६ महिन्यांत मेडिगॅपवाले तब्येत बघून नकार देऊ शकत नाहीत, ती मुदत चुकवू नका.

येत्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भाड्याची आरव्ही घेऊन ६ आठवडे सलग राहून बघा. पाऊस पडत असताना दोघं आत बसणं, दर काही दिवसांनी ब्लॅक टँक (संडासाची टाकी) रिकामा करायची जागा शोधणं, हे वहिनींनाही जमतंय का ते तेव्हाच कळेल. ६२ पूर्ण झाले की नॅशनल पार्कचा ८० डॉलरचा लाइफटाइम सीनियर पास घ्या, सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्या दोघांनाही मिळतो. तोवर तीन स्टेटचे मेडिकल कोट आणि घराला किती भाडं येईल तो आकडा मला पाठवा, मग गाडीचं बजेट ठरवू.