ज्युरीतल्या एकाने घरी आरोपीबद्दल गूगल केलं, तर इंग्लंडमधली शिक्षा रद्द होते का? (भाच्यासाठी कोल्हापुरातून विचारलेला प्रश्न)

नाही, आपोआप रद्द होत नाही. (ज्युरी म्हणजे आरोपी दोषी की नाही हे ठरवणारा सामान्य नागरिकांचा गट; त्यातला प्रत्येक जण ज्युरर.) त्या गूगल करण्यामुळे दोषसिद्धीच 'अनसेफ', म्हणजे भरवशाची राहिली नाही, हे तिथल्या कोर्ट ऑफ अपीलला पटावं लागतं. १९६८ च्या क्रिमिनल अपील अ‍ॅक्टची कसोटी तीच आहे. असं शोधणं २०१५ पासून ज्युररसाठी स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद; पण ज्युररला शिक्षा झाली म्हणून तुमचा भाचा सुटला, असं होत नाही. काय शोधलं, ते इतरांना सांगितलं का, निकालाआधी न्यायाधीशांना कळलं होतं का, यावर सगळं ठरतं. १९९४ च्या एका खून खटल्यात चार ज्युररनी रात्री ब्राइटनच्या हॉटेलात कागदाचे कपटे आणि पेला घेऊन चक्क प्लँचेट केलं होतं. ज्युरीची खोलीतली चर्चा गुप्त असते; हा प्रकार त्या ज्युरी रूमबाहेर घडला, म्हणूनच कोर्टाला त्याची चौकशी करता आली. दोषसिद्धी रद्द झाली, मात्र फेरखटल्यात आरोपी पुन्हा दोषी ठरला.

कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या कोर्टातले अनुभव इथे लावू नका, आपल्याकडे फौजदारी खटल्यात ज्युरीच नाही. आणि कृपा करून घरच्या कुणीही त्या ज्युररला फोन किंवा मेसेज करू नका, नातेवाईकच अडचणीत येतील. माहिती भाच्याच्या तिथल्या सॉलिसिटरकडे (वकिलाकडे) द्या, तीही लगेच: अपिलाची मुदत दोषी ठरवल्यापासून २८ दिवस असते. ती उलटली असेल तर मुदतवाढ मागता येते, पण उशिराचं ठोस कारण द्यावं लागतं.